कावळ्यासमोर दिलेला शब्द

आमच्या सोसायटीत कबुतरांना दाणे टाकायची कोणाची टाप नव्हती. याचं श्रेय नोटीस बोर्डाला नाही, तावडेकाकूंना आहे. बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून जवळच आमची चार मजली बिल्डिंग. काकू तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात राहायच्या. कोणाच्या खिडकीतून बाजरीचा एक दाणा खाली पडला तरी त्यांना कुठून कळायचं, देव जाणे. "पक्षी एक तर झाडावर असावा, नाहीतर ताटात. खिडकीत कशाला?" असं त्यांचं सरळ धोरण होतं आणि त्या ते जिन्यात उभ्या राहून, तळमजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायच्या.

अशी बाई पुढे पक्षी बघायला आफ्रिकेला गेली. आमच्या बिल्डिंगमध्ये अजूनही कोणी नवीन भाडेकरू आला की त्याला ही गोष्ट सांगितली जाते आणि दर वेळी सांगणारा तीत थोडी भर घालतो. मी मात्र बरोबर होतो, त्यामुळे मला भर घालायची गरज नाही.

काकू बुटक्या, गोल आणि कायम पदर खोचलेल्या. माहेर आणि सासर दोन्ही कुडाळच्या बाजूचं. सासरे परळला गिरणीत होते, काकांच्या वेळेपर्यंत गिरणी गेली आणि घर बोरिवलीला आलं. तावडेकाका लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या लिफ्ट वर-खाली केल्या आणि संध्याकाळी स्वतः जिना चढून घरी आले, कारण आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. दर वार्षिक सभेत ते लिफ्टचा विषय काढायचे आणि दर वार्षिक सभेत सेक्रेटरी पुरोहित म्हणायचे, "बघू या." काका गप्प बसायचे. त्यांचा स्वभावच तसा. घरातलं बोलणं त्यांनी काकूंवर सोपवलं होतं.

आणि काकूंचं बोलणं म्हणजे नुसतं बोलणं नव्हतं. "मी बोललंय म्हणजे बोललंय," हे त्यांचं वाक्य ऐकलं की समोरचा माणूस सावध व्हायचा. त्यांनी दिलेला शब्द आणि दिलेली धमकी, दोन्ही सारख्याच इमानाने पाळल्या जायच्या.

एका उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवर आमसुलं वाळत घातली होती. चौथ्या मजल्यावरच्या शहांनी शेजारीच गालिचा झटकला. काकू म्हणाल्या, "शहाभाई, पुन्हा झटकलात तर आमसुलं तुमच्या हॉलमध्ये वाळत घालीन." शहा हसले. पुढच्या रविवारी गालिचा पुन्हा गच्चीवर आला. अर्ध्या तासात काकू चादरीची चारही टोकं धरून शहांच्या दारात हजर. आत शिरल्या, सेंटर टेबल बाजूला सारलं, चादर पसरली, पंखा पाचवर केला आणि आमसुलं वाळेपर्यंत शहांच्या आईशेजारी सोफ्यावर बसून गुजराती मालिका बघितली. मालिकेतली सून बदमाश आहे यावर दोघींचं एकमत झालं. संध्याकाळी शहांच्या आईने ढोकळा दिला, काकूंनी मूठभर आमसुलं दिली आणि गालिचा पुन्हा कधी गच्चीवर दिसला नाही.

माझ्या बायकोच्या, स्मिताच्या बाळंतपणात त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "खाण्यापिण्याचं मी बघते." झालं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पेज, पुन्हा अळिवाची खीर. स्मिता दाराची बेल वाजली की झोपल्याचं सोंग घ्यायची. काकू सोंगासकट तिला उठवून खीर पाजायच्या. नाही म्हणायची सोयच नव्हती. शब्द दिला होता ना!

अशा बाईच्या नवऱ्याला निवृत्तीनंतर पेंग्विनांचं वेड लागलं.

कसं लागलं कोणास ठाऊक. बरमुडा आणि गंजीफ्रॉक घालून काका टीव्हीसमोर बसायचे आणि पक्षी-प्राण्यांच्या चॅनलवर पेंग्विन कधी लागतात याची वाट बघायचे. एकदा त्यांना केपटाउनजवळचा एक किनारा दिसला. तिथे बर्फबिर्फ काही नाही. साधी पांढरी वाळू, मोठाले खडक आणि त्यावर मोकळे हिंडणारे पेंग्विन. सरकारने त्यांच्यासाठी तो किनारा राखून ठेवलाय, माणसांनी लाकडी पुलावरून चालायचं, त्यांना खायला घालायचं नाही, हात लावायचा नाही. काका अगदी हरखून गेले. "बघ गे, लोकांच्या घरासमोरसून चालतत," ते काकूंना म्हणाले. मी तेव्हा पेपर परत करायला गेलो होतो. काका सलग एवढं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

काकूंनी स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. पडद्यावर एक पेंग्विन अंड्यांवर बसला होता आणि निवेदक सांगत होता की नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात. काकू म्हणाल्या, "बघा, घोव अंडी उबवता. तुम्ही कधी कुकर तरी लावलास?"

काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. वादात त्यांचं एवढंच उत्तर असायचं.

पण त्या दिवसानंतर ते अधूनमधून म्हणायला लागले, "एकदा जाऊया गे." काकू म्हणायच्या, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी मुलीचं, वैशालीचं लग्न निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी काकूंचे गुडघे निघाले. मग गावच्या घराची कौलं. काका कधी रुसले नाहीत, काकूंनीही कधी नाही म्हटलं नाही. "पुढच्या वर्षी नक्की. मी बोललंय ना?"

आणि एका दुपारी काका खुर्चीत बसल्या बसल्या गेले. टीव्ही चालू होता. त्यावर पेंग्विन नव्हते, साबणाची जाहिरात होती. "निदान तेवढा तरी लावायचा होता मेल्यांनी," काकू रडता रडता चॅनलवाल्यांवर चिडल्या. त्या दिवसांत त्यांचा आवाज जिन्यात ऐकू आला नाही. कबुतरांनी बहुतेक त्याची नोंद घेतली असावी, कारण काकूंच्या खिडकीवर त्यांनी खुशाल संसार थाटला.

दहाव्याला आम्ही सगळे घाटावर गेलो. बायकांनी घाटावर यायचं नसतं, असं कोणीतरी लांबचा नातेवाईक म्हणाला. त्यावर काकू जे म्हणाल्या ते इथे लिहिता येणार नाही, पण तो नातेवाईक नंतर सगळ्यांच्या मागे उभा होता. गुरुजींनी पिंड ठेवले. आम्ही मागे सरलो. भिंतीवर कावळे होते, पिंपळावर कावळे होते. सगळ्यांनी पिंडाकडे बघितलं आणि एकही हलला नाही.

पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोणाची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत. मग आश्वासनं सुरू झाली. मुलगा महेश हात जोडून म्हणाला, "बाबा, गावच्या घराचं काम मी पुरं करतो." कावळे ढिम्म. वैशाली म्हणाली, "बाबा, काळजी करू नका, आईला मी सांभाळीन." यावर काकू मागून ओरडल्या, "माका कोण सांभाळतला?" आणि जवळ आलेले दोन कावळे पुन्हा पिंपळावर जाऊन बसले. शेवटी सेक्रेटरी पुरोहित पुढे झाले. घसा साफ करून म्हणाले, "तावडेसाहेब, लिफ्टचा ठराव या वर्षी मंजूर करून घेतो." एक कावळा खरोखर भिंतीवरून खाली उतरला. दोन उड्या मारून पुढे आला. मग त्याने पुरोहितांकडे मान वाकडी करून बघितलं आणि परत गेला. पुरोहितांचा अनुभव बहुतेक त्यालाही होता.

गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. शास्त्रात सोय आहे."

"गवताचा कावळा चालायचा नाय," काकू म्हणाल्या. "त्यांका माझ्याशी बोलूचा हा." त्या पदर खोचून पुढे गेल्या, कमरेवर हात ठेवून पिंपळाकडे बघत उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्या काकांशी जशा बोलल्या तशाच बोलल्या. "ओ! माका कळला तुमका काय होया ता. पुढच्या वर्षी म्हणान म्हणान ऱ्हवान गेला. जातंय मी. तुमचे पेंग्विन बघून येतंय. समुद्रावरचे, उघड्यावरचे, तुम्ही दाखवलास ते. मी बोललंय म्हणजे बोललंय."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा आला. आला म्हणजे काय, झेपावलाच. भात, दही, पान सगळं उधळलं. महेश ओक्साबोक्शी रडायला लागला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं आणि आजूबाजूला बघितलं तर सगळ्यांची तीच गत होती. फक्त काकू कोरड्या उभ्या होत्या. आपण काय बोलून बसलो हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

घरी आल्यावर जो तो सल्ले द्यायला लागला. महेश म्हणाला, "आई, पेंग्विन भायखळ्याला राणीच्या बागेतही आहेत. उद्या गाडीने नेऊन आणतो. शब्द पुरा." काकू गेल्या. काचेपलीकडे, एसीच्या गारव्यात पेंग्विन पोहत होते. काकूंनी त्यांना नीट बघितलं, शेजारच्या बाईच्या बाळाला दाखवलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "चांगले आहेत. पण मी समुद्रावरचे म्हटलंय."

त्यातून खिडकीत एक कावळा यायला लागला होता. घाटावरचाच, असं काकूंचं म्हणणं. कावळ्यांच्या चेहऱ्यातला फरक मला कळत नाही, पण त्यांना विरोध कोण करणार? खिडकीत पक्षी न बसू देणारी बाई रोज सकाळी पहिल्या चपातीचा तुकडा ग्रिलवर ठेवायला लागली. कावळा यायचा, तुकड्याकडे बघायचा, काकूंकडे बघायचा आणि न खाता उडून जायचा. "मेलो तगादो लावता," काकू मला दार उघडून सांगायच्या. त्या खरंच खंगायला लागल्या होत्या. सगळ्या जगाला दिलेला शब्द त्यांनी पाळला आणि ज्याच्याबरोबर जन्म काढला त्यालाच दिलेला नेमका पाळायचा राहिला, हे त्यांना खात होतं. एकदा त्या तसं बोलल्याही, "त्यांनी एकच तर मागितलान रे, संजय."

मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "मी चाललंय. तू आणि स्मिता येताय." आम्हाला प्रश्न विचारला नव्हता, नुसतं कळवलं होतं.

मराठी मंडळींची टूर होती. आफ्रिकेत पोहे आणि थालीपीठ देऊ अशी हमी देणारी. टूर मॅनेजर निखिल नावाचा हसरा पोरगा होता, पहिल्या दिवसापर्यंत. केपटाउनच्या विमानतळावर उतरलो आणि तिथल्या अधिकारी बाईने काकूंची बॅग उघडायला लावली. आत लुगड्यांच्या घडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी आणि तिच्यात सुके बांगडे. बाई मागे सरली. मागची रांगही मागे सरली.

"काकू, हे काय?" निखिलचा आवाज चिरकला.

"काय म्हणजे? रिकाम्या हाताने कोणाकडे जायचं नसतं. पेंग्विनांना आहेत. घरचे आहेत म्हणून सांग तिला."

निखिलने काय भाषांतर केलं कोणास ठाऊक. अधिकारी बाई खदाखदा हसली, काकूंचा खांदा थोपटला आणि बांगडे जप्त केले. काकू दोन दिवस तिच्या नावाने बोटं मोडत होत्या. तिने ते घरी नेऊन तळले असणार, असा त्यांचा संशय होता.

बाकीची आफ्रिका काकूंनी बसच्या सीटवर डुलक्या घेत बघितली. जीपमधून सिंह दाखवला तर म्हणाल्या, "आमच्या कंपाउंडात बिबळ्या येतो." रोज सकाळी पोह्यांच्या रांगेत त्या निखिलला एकच विचारायच्या, "पेंग्विन कधी?" आणि निखिल म्हणायचा, "शेवटच्या दिवशी, काकू."

शेवटच्या दिवशी डोंगरावर जायच्या रांगेतच दुपार गेली. बसमध्ये बसल्यावर निखिलने माइक हातात घेतला. "मंडळी, उशीर झालाय. पेंग्विन बघायचे तर शॉपिंग जाईल. बहुतेकांचं शॉपिंग राहिलंय, तर आपण पेंग्विन..."

काकू उठल्या. डुगडुगत पुढे गेल्या आणि ड्रायव्हरच्या शेजारी, काचेला पाठ लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता निखिलचं काही खरं नाही. पण त्या ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "दहाव्याला कावळा शिवत नव्हता. मी बोलले, पेंग्विन बघून येते, तेव्हा शिवला. मी कावळ्यासमोर शब्द दिलाय."

निखिलला काही समजावून सांगावं लागलं नाही. हिऱ्याच्या अंगठ्या बघायला निघालेल्या ठाण्याच्या बाईंनी पर्स मिटली. नाशिकचे एक निवृत्त प्रोफेसर होते, टूरभर अंधश्रद्धेवर बोलत होते. तेच पहिल्यांदा म्हणाले, "अहो, कावळ्याचा प्रश्न आहे. वळवा बस!"

बस वळली.

किनारा अगदी टीव्हीवर होता तसाच होता. पांढरी वाळू, गोल गरगरीत खडक आणि निळं पाणी. काकू म्हणाल्या, "वेंगुर्ल्याला काय वेगळं आहे?" वास मात्र थेट मासळी बाजाराचा. लाकडी पुलाच्या दोन्ही बाजूंना, झुडपांखाली खड्ड्यांत पेंग्विन बसले होते. कोणी अंग खाजवत होतं, कोणी भांडत होतं. आणि एकाएकी त्यांच्यातल्या एकाने मान वर करून असा काही घोगरा, लांबलचक आवाज काढला की आम्ही दचकलो. दुसऱ्याने साथ दिली. सगळा किनारा घरघरायला लागला.

काकूंनी माझा हात घट्ट धरला. "रे, हे तर ह्यांचं घोरणं! अगदी तस्संच!" त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चाळीस वर्षं मी म्हणत होते, झोपू देत नाही मेलं घोरणं. आता घर इतकं गप्प असतं रे, की झोप लागत नाही." आम्ही दोघं तसेच ते घोरणं ऐकत उभे राहिलो.

पलीकडे एक छोटी वाळूची जागा होती, तिथे माणसांना खाली उतरता यायचं. तिथला रखवालदार प्रत्येकाला बजावत होता, लांब राहा, हात लावू नका. काकूंनी निऱ्या वर खोचल्या, पाठीमागे हात बांधले आणि पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या. समोर खडकावर एक पेंग्विन उभा होता, तब्येतीने जरा जाडा. काकू त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "इलंय मी. उशीर झालो. बांगडे हाडले होते, ते तिने काढून घेतल्यान. पण मी इलंय."

पेंग्विनाने मान एका बाजूला वळवली. मग दुसऱ्या बाजूला. मग तो खडकावरून टुणकन उतरला आणि डुलत डुलत सरळ काकूंकडे आला. काकू पुतळ्यासारख्या उभ्या. त्याने त्यांच्या बुटाकडे बघितलं, वर बघितलं आणि साडीचा काठ चोचीत धरून जोरात ओढला.

"मॅडम! नो टचिंग!" रखवालदार धावत आला.

काकूंनी दोन्ही हात वर केले. आणि इतक्या महिन्यांनी त्यांचा तो जिन्यातला आवाज परत आला. "मी नाय शिवलंय! तो माका शिवलो! ह्या सगळ्यांनी बघितल्यानी! शिवलो!"

बिचाऱ्या रखवालदाराला काय कळणार? त्याने आमच्याकडे बघितलं. आमची अख्खी टूर, प्रोफेसर आणि अंगठीवाल्या बाईंसकट, हात जोडून उभी होती. पलीकडची गोरी मंडळी पेंग्विन सोडून आमचे फोटो काढत होती.

परत आल्यावर बिल्डिंगने विचारलं, कसे होते पेंग्विन? काकू म्हणाल्या, "बरे आहेत. घाण करतात. कबुतरांसारखेच." पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली आणि तोंडावर बोट ठेवून मला खिडकीपाशी नेलं. कावळा चपाती खात होता. सगळी खाल्ली, चोच ग्रिलला पुसली आणि आणखी मागितली. त्या दिवसापासून काकू त्याच्याशी रोज भांडायच्या आणि आम्हाला समोरच्या दारातून ते ऐकू यायचं.

पुढे बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. नव्या नकाशात लिफ्ट होती. पुरोहितांनी सभेत तो नकाशा वर धरून छताकडे बघत सांगितलं, "तावडेसाहेब, झालं बरं का." काकूंनी मात्र भाड्याच्या जागेत जायचं नाकारलं. त्या कुडाळला गावच्या घरी निघाल्या.

टेम्पो भरला, महेश खाली हॉर्न वाजवत होता. काकू आल्या नाहीत म्हणून मी वर बघायला गेलो. रिकाम्या स्वयंपाकघरात त्या खिडकीशी उभ्या होत्या. गॅस कधीच काढून नेला होता, तरी त्यांनी आमच्याकडून एक चपाती मागून आणली होती. ग्रिलवर कावळा. मी दारातच थांबलो.

"ऐकलास मां?" त्या त्याला सांगत होत्या. "उद्यापासून हय कोण नसतला. इमारत पाडतले. मी कुडाळाक जातंय. घर तुमका ठावक असा. परसात फणस असा, त्याच्यावर बसा, खिडकी थयच असा. सकाळची पयली चपाती तुमची. मी बोललंय."

कावळ्याने शेवटचा तुकडा उचलला आणि पार्काच्या दिशेने उडाला. काकू ग्रिलला तोंड लावून, साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"आणि येताना त्या कबुतरांका घेऊन येव नकात!"